मुलाचें स्वगत : दोन ग्रंथ व एक वाद

संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीं पात्रांच्या भाषणाचे प्रकार मोठ्या बारकाईनें पाडून ठेविले आहेत. सर्वांनीं ऐकावें तें प्रकाश. रंगभूमीवरील इतर पात्रांनीं ऐकूं नये तें स्वगत. बाकीच्यांस चुकवून एखाद्याशींच करावयाचें तें जनान्तिक. परंतु ह्यांपैकीं कोणत्याच सदरांत नीटसें न बसणारें एक भाषण घरोघर रोज चाललेलें असतें. चार-पांच वर्षांचें मूल ओसरीवर ठोकळे रचीत बसलेलें आहे. "हा इथें... नको, पडेल... मोठा कुठें गेला?" असें तें खणखणीत आवाजांत बोलत आहे. हें कोणास उद्देशून? आईस म्हणावें, तर तिनें उत्तर दिलें तरी त्याचें तिकडे लक्ष नसतें. स्वतःस म्हणावें, तर एवढा मोठा आवाज कशाला? वडील माणसें हंसतात आणि आपल्या कामास लागतात. परंतु ह्याच क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावरून गेल्या शतकांतील बालमानसशास्त्राच्या दोन अग्रगण्य ग्रंथकारांमध्यें मतभेद झाला, आणि शाळाशाळांतून रोज ऐकूं येणारा "ओठ हलवूं नको, मनांत कर" हा हुकूम शहाणपणाचा कीं घातक, हें त्या मतभेदाच्या निकालावर अवलंबून आहे. म्हणून झां पियाजे ह्याचा 'बालकाची भाषा व विचार' (१९२३) आणि लेव्ह विगोत्स्की ह्याचा 'विचार आणि भाषा' (१९३४) हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे, असें आम्हांस वाटलें.

योगायोग असा, कीं दोघेही ग्रंथकार १८९६ सालींच जन्मले. पियाजे हा स्वित्झर्लंडांतील न्यूशातेल गांवचा. त्याचें पहिलें प्रेम प्राणिशास्त्रावर. दहा-अकरा वर्षांच्या वयांतच एका पांढऱ्या चिमणीविषयीं त्याचें लहानसें टिपण छापून आलें, आणि पुढें गोगलगाईंच्या वर्गांतील प्राण्यांवर प्रबंध लिहून तो डॉक्टर झाला. नंतर पॅरिस येथें बिनेच्या प्रयोगशाळेंत त्यास एक रुक्ष काम मिळालें. सिरिल बर्ट ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें केलेले बुद्धिमापनाचे प्रश्न फ्रेंच मुलांस घालून त्यांचें प्रमाण ठरवावयाचें. बरोबर उत्तरें किती, हें मोजणें एवढेंच काम होतें. परंतु पियाजेचें मन गुंतलें तें चुकलेल्या उत्तरांत. एकाच वयाचीं मुलें एकाच तऱ्हेनें चुकतात हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि चूक म्हणजे ज्ञानाचा अभाव नसून एका निराळ्या प्रकारच्या विचारपद्धतीची खूण आहे, ह्या कल्पनेनें त्यास झपाटलें. ज्यांनीं आयुष्यांत हजारों उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, अशा आमच्यासारख्यांनीं येथें थोडें थांबावें. चुकीवर लाल रेघ ओढण्यापूर्वीं ती कोठून आली, हें विचारण्याची बुद्धि आम्हांस किती वेळां झाली?

१९२१ सालीं क्लापारेद ह्यानें त्यास जिनीव्हाच्या रूसो-संस्थेंत बोलावून घेतलें. तेथील बालगृहांतील सहा वर्षांच्या दोन मुलांच्या मागें सुमारें महिनाभर निरीक्षक बसले आणि त्यांच्या तोंडून निघालेलें प्रत्येक वाक्य, तें ज्या प्रसंगीं निघालें त्या प्रसंगासह, त्यांनीं टिपून घेतलें. ह्या टिपणांची छाननी हाच पियाजेच्या पुस्तकाचा पाया होय. त्यास असें आढळलें, कीं मुलांच्या स्वयंस्फूर्त बोलण्यापैकीं निम्म्याच्या जवळपास बोलणें ऐकणाऱ्याची पर्वाच करीत नाहीं. तें कधीं नुसती पुनरुक्ति असतें, कधीं स्वगत असतें, आणि कधीं त्यानें ज्यास 'सामुदायिक स्वगत' असें मार्मिक नांव दिलें तें असतें. चार मुलें एका मेजाभोंवतीं बसून चित्रें काढीत आहेत, चौघेंही बोलत आहेत, आणि कोणीच कोणाचें ऐकत नाहीं. (हा प्रकार मुलांपुरताच आहे असें मानणाऱ्यानें एखाद्या साहित्यसंस्थेच्या वार्षिक सभेस जावें.) ह्या सगळ्या बोलण्यास पियाजेनें आत्मकेंद्रित भाषण म्हटलें. त्याचा अर्थ त्यानें असा लाविला, कीं दुसऱ्याच्या जागीं स्वतःस कल्पिणें मुलास अद्यापि साधत नाहीं, आणि सात-आठ वर्षांच्या सुमारास मूल खऱ्या अर्थानें समाजांत शिरूं लागलें म्हणजे हें बोलणें ओसरून नाहींसें होतें.

पुस्तकाचा हा भाग आजही ताजा वाटतो, तो त्यांतील निरीक्षणामुळें. मुलाचें बोलणें इतक्या आदरानें व इतक्या चिकाटीनें त्यापूर्वीं क्वचितच कोणी ऐकलें असेल. परंतु निरीक्षण आणि निष्कर्ष ह्यांच्यामध्यें एक उडी आहे व ती वाचकाच्या नकळत मारली गेली आहे, हा आमचा मुख्य आक्षेप होय. 'मूल अमुक वेळीं दुसऱ्यास उद्देशून बोलत नाहीं' ही एक गोष्ट. 'मुलास दुसऱ्याची दृष्टि घेतांच येत नाहीं' ही अगदीं दुसरी. विहिरीवर पाणी ओढतांना जी बाई एकटीच गुणगुणते तिला संभाषण येत नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय ज्या बालगृहांत हीं टिपणें झालीं, तेथें प्रत्येक मुलानें आपापल्या आवडीचें काम स्वतंत्रपणें करावें अशीच योजना होती. जेथें सहकार्याची गरजच नाहीं, तेथें सहकार्याची भाषा कमी ऐकूं आली, ह्यांत मुलाच्या मनाचा दोष किती व शाळेच्या रचनेचा किती, हें वेगळें काढल्याशिवाय निकाल देतां येत नाहीं.

हाच प्रश्न विगोत्स्कीनें हातांत घेतला. तेव्हांच्या रशियन साम्राज्यांतील गोमेल ह्या गांवीं वाढलेला हा मनुष्य मूळचा साहित्याचा अभ्यासक. 'हॅम्लेट'वर त्यानें तरुणपणींच प्रबंध लिहिला होता. मानसशास्त्रांत तो उशिरा आला, जेमतेम दहा वर्षें काम केलें आणि सदतिसाव्या वर्षीं, जून १९३४ मध्यें, क्षयानें वारला. पुस्तक त्याच्या पश्चात् त्याच वर्षीं निघालें. पुढें १९३६ सालीं सोव्हिएट सरकारनें बालविकासशास्त्राच्या एका संपूर्ण शाखेवरच बंदी घातली आणि तें पुस्तक वीस वर्षें जवळजवळ अदृश्य झालें. पुन्हा छापलें गेलें तें १९५६ सालीं.

विगोत्स्कीची युक्ति साधी होती. मुलें चित्र काढावयास बसलीं, कीं हळूच त्यांच्या कामांत अडचण उत्पन्न करावयाची. पाहिजे ती पेन्सिल सांपडूं नये, कागद कमी पडावा. जर आत्मकेंद्रित बोलणें म्हणजे निव्वळ फेस असेल, तर अडचणीमुळें त्यांत फरक पडण्याचें कारण नाहीं. परंतु अडचण येतांच तें जवळजवळ दुप्पट झालें! मूल म्हणूं लागलें: पेन्सिल कुठें आहे, आतां निळी हवी, नसली तर नसो, तांबडी घेतों आणि पाणी लावतों. म्हणजे तें बोलत नव्हतें, विचार करीत होतें, फक्त मोठ्यानें. त्यानें दिलेलें एक उदाहरण तर कधींही विसरतां येणार नाहीं. साडेपांच वर्षांचा एक मुलगा ट्रामगाडीचें चित्र काढीत होता. चाक काढतांना त्यानें जोर दिला आणि पेन्सिलीचें टोंक मोडलें. तरीही त्यानें चाक पुरें करण्याची खटपट केली, पण कागदावर नुसता खळगा उमटला. "मोडलें," असें तो पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवली, रंग घेतले, आणि अपघातांत मोडलेल्या ट्रामगाडीचें चित्र काढूं लागला. तोंडून निसटलेल्या एका शब्दानें सगळ्या कामाची दिशा बदलली. पियाजेच्या तागडींत हा शब्द आत्मकेंद्रित म्हणून पडला असता. येथें तो सुकाणूं ठरला.

ह्यावर विगोत्स्कीनें आपला सिद्धांत उभारला. मुलाचें बोलणें पहिल्यापासूनच सामाजिक असतें. आई बोलते, मूल बोलतें. मग तेंच बोलणें दुभंगतें. एक धार दुसऱ्यांशीं व्यवहार करण्याकडे जाते, दुसरी स्वतःस वळण लावण्याकडे. ही दुसरी धार प्रथम ऐकूं येते, हळूहळू तिचे शब्द तुटक होतात, आणि शेवटीं ती आंत जाते. तिलाच आपण अंतर्भाषण म्हणतों. म्हणजे पियाजेच्या मतें जें वयाबरोबर मरतें, तें विगोत्स्कीच्या मतें जमिनीखालीं जातें. नदी आटली असें एकानें म्हणावें आणि ती भूमिगत झाली असें दुसऱ्यानें दाखवावें, त्यांतला हा प्रकार आहे.

पण दाखविलें का? येथें त्याचे पुढील तीन प्रयोग पाहण्यासारखे आहेत. बहिऱ्या-मुक्या मुलांत किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांत नेऊन बसविल्यावर मुलाचें हें स्वगत झपाट्यानें घटलें. अनोळखी मुलांत किंवा एकट्यानें कोपऱ्यांतल्या मेजापाशीं बसविल्यावरही तें कमी झालें. शेजारीं वाद्यवृंद इतक्या मोठ्यानें वाजूं लागला, कीं स्वतःचाही आवाज ऐकूं येऊं नये, तेव्हांही तसेंच झालें. ह्याचा अर्थ काय? मुलास कोणी ऐकतच नाहीं व समजूनही घेत नाहीं असें ठरलें, कीं तें स्वतःशीं बोलण्याचेंही सोडून देतें. म्हणजे त्याच्या मनांत श्रोता होता! स्वतःशीं बोलणें आणि दुसऱ्याशीं बोलणें अद्यापि पुरतीं विलग झालेलीं नव्हतीं. जर स्वगत हें समाजाच्या अभावाचें लक्षण असतें, तर समाज काढून घेतल्यावर तें वाढावयास हवें होतें. तें उलट घटलें. एखाद्या कल्पनेस अशी नेमक्या ठिकाणीं कात्री लावणें ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि ती एका साहित्याच्या विद्यार्थ्यानें केली ह्याचा आम्हांस, आमच्या व्यवसायाच्या दृष्टीनें, थोडा अभिमानही वाटला.

तथापि कौतुक करतांना तराजू हातांतून पडूं देऊं नये. विगोत्स्कीच्या ग्रंथांत प्रयोगांचा तपशील फार त्रोटक आहे. मुलें किती, कोणत्या वयाचीं, मोजणी कशी केली, हें पियाजेकडे पानेंच्या पानें सांपडतें. येथें एखाद्या वाक्यांत उरकलेलें असतें. प्रकरणें निरनिराळ्या काळीं लिहिलेलीं असून त्यांचे सांधे दिसतात. शेवटचें प्रकरण सर्वांत तेजस्वी आणि शास्त्र म्हणून सर्वांत धाडसी आहे. अंतर्भाषण संक्षिप्त असतें, त्यांत कर्ता गळून नुसतें विधेय उरतें, हें पटविण्यास तो टॉल्स्टॉयच्या 'अॅना कॅरेनिना'मधील लेव्हिन व किटी ह्यांचा प्रसंग पुढें करतो. दोघें खडूनें शब्दांचीं केवळ आद्याक्षरें लिहितात आणि एकमेकांचें मन ओळखतात. दस्तयेव्हस्कीनें टिपलेले दारू प्यालेले मजूर एकच शब्द निरनिराळ्या स्वरांत उच्चारून सबंध संभाषण करतात, तेंही त्यानें साक्षीस आणलें आहे. रसिक म्हणून आम्ही ह्यावर लुब्ध आहों. परंतु कादंबरींतील प्रेमिकांची साक्ष मनाच्या घडणीविषयीं किती धरावी, हा प्रश्न उरतोच.

आमच्याकडील कांहीं वाचकांस येथें वैखरी, मध्यमा व पश्यन्ती आठवतील, आणि 'हें सर्व भर्तृहरीनें आधींच सांगितलें आहे' असें म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा हें बरें. बाहेरची वाणी व आंतली वाणी असा भेद भर्तृहरीनें केला हें खरें, आणि त्याची सूक्ष्मता अपूर्व आहे. परंतु त्याचा मार्ग आंतून बाहेर येतो. अविभक्त असें जें आंत आहे तें क्रमाक्रमानें उच्चारांत उतरतें. विगोत्स्कीचा मार्ग नेमका उलटा आहे. आधीं दोन माणसांमधला आवाज, मग एकाच माणसाच्या मनांतला. साम्य शब्दांत आहे, दिशेंत नाहीं.

ह्या वादाचा निवाडा पुढील पिढीनें बराचसा विगोत्स्कीच्या बाजूनें केला. १९६८ सालीं लॉरेन्स कोहलबर्ग व त्याचे सहकारी ह्यांनीं दाखविलें, कीं मुलांचें स्वगत एकसारखें उतरत जात नाहीं. तें प्रथम वाढतें व मग उतरतें, आणि हुशार मुलांत त्याचा कळस लवकर येतो. बुद्धीच्या अपक्वतेचें तें लक्षण असतें, तर हुशार मुलांत तें पहिल्यापासून कमी आढळतें. पुढें लॉरा बर्क हिनें प्राथमिक शाळेंतील मुलें गणितें सोडवीत असतां त्यांचें पुटपुटणें टिपलें. कामास धरून होणारें हें पुटपुटणें त्या मुलांत सर्रास होतें.

पियाजेच्या 'आत्मकेंद्रित' ह्या शब्दाच्या मुळाशींही घाव बसला. इन्हेल्डर हिच्यासह त्यानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलासमोर तीन डोंगरांचा देखावा ठेवून पलीकडे बसलेल्या बाहुलीस काय दिसत असेल, असें विचारीत. लहान मुलें स्वतःस दिसतें तेंच बाहुलीच्या माथीं मारीत. एडिंबरो येथील मार्गारेट डोनाल्डसन ह्या विदुषीनें 'मुलांचीं मनें' (१९७८) ह्या आपल्या छोट्या पण धारदार पुस्तकांत मार्टिन ह्यूझ ह्याचा प्रतिप्रयोग सांगितला आहे. एकमेकींस छेदणाऱ्या दोन भिंती, दोन बाहुले-पोलीस, आणि एक बाहुला-मुलगा. पोलिसांस दिसणार नाहीं अशा जागीं मुलग्यास लपवावयाचें. साडेतीन ते पांच वर्षांच्या तीस मुलांचीं शेंकडा नव्वद उत्तरें बरोबर आलीं. दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहणें मुलास येतच होतें; डोंगर पाहण्यांत त्याला कांहीं कारण दिसत नव्हतें, लपण्यांत दिसलें. लपंडाव खेळणाऱ्या कोणत्याही वाड्यांतील मुलांनीं हें शास्त्रज्ञांस फुकट सांगितलें असतें! मात्र न्याय करावयाचा तर हेंही म्हटलें पाहिजे, कीं पियाजेनें तो पहिला प्रश्न विचारला नसता तर ह्यूझला दुसरा सुचला नसता.

आतां शिक्षणाकडे वळूं. कारण दोघांच्या मतभेदाचीं फळें तेथें पिकतात. विगोत्स्कीनें आपल्या काळचीं तीन मतें मांडलीं आहेत. एक पियाजेचें: विकास आपल्या गतीनें होतो, शिक्षणानें त्याच्या मागून चालावें. दुसरें थॉर्नडाइकप्रभृतींचें: शिक्षण हाच विकास, संवयीवर संवय चढली कीं झालें. पेटींत कोंडलेलें मांजर चुकतमाकत कडी काढावयास शिकतें, तसेंच मूल. तिसरें कोफ्काचें, दोन्हींची मोट बांधणारें. ह्या तिन्ही मतांस नाकारून तो म्हणतो, कीं शिक्षणानें विकासाच्या किंचित् पुढें चालावें. त्याचें उदाहरण असें: दोन मुलांचें बौद्धिक वय परीक्षेनें आठ ठरलें. थोडा इशारा, थोडी मदत दिल्यावर एक मूल नऊ वर्षांच्या मुलाचे प्रश्न सोडवितें, दुसरें बारा वर्षांच्या. हीं दोन मुलें सारखीं म्हणावयाचीं काय? एकट्यानें जें साधतें आणि मदतीनें जें साधतें, त्यांमधील अंतरास त्यानें निकट विकासाचें क्षेत्र म्हटलें.

ही कल्पना इतकी आकर्षक आहे, कीं तिचा दुरुपयोग होणें अपरिहार्यच होतें. १९७६ सालीं वुड, ब्रूनर व रॉस ह्यांनीं शिक्षकाच्या मदतीस परांचीची उपमा दिली. तींतलें मर्म असें, कीं भिंत उभी राहूं लागली म्हणजे परांची सोडवावयाची असते. मूल अडलें तर हात द्यावा, चालूं लागलें तर काढून घ्यावा. परंतु आज शिक्षणाच्या क्षेत्रांत जी परांची बांधली जाते ती उतरवितच नाहींत. तयार उत्तरें, तयार टिपणें, तयार वाक्यें, आणि ह्या सर्वांस विगोत्स्कीचें नांव! पियाजेच्या शिष्यांनीं 'अद्यापि त्याची अवस्था आली नाहीं' असें म्हणून मूल सोडून दिलें, विगोत्स्कीच्या शिष्यांनीं त्यास खांद्यावरून उतरूं दिलें नाहीं. दोन्ही ग्रंथकारांस ह्याचा संताप आला असता.

आणि तो हुकूम? आमचें मत असें आहे, कीं सहा-सात वर्षांच्या मुलास वजाबाकी करतांना 'ओठ हलवूं नको' म्हणणें हें आंधळ्याच्या हातची काठी काढून घेण्यासारखें आहे. चाळीस मुलें पुटपुटूं लागलीं तर वर्गाचा बाजार होईल, ही शिक्षकाची अडचण खरी आहे आणि ती कोणत्याही ग्रंथानें सुटत नाहीं. परंतु शांतता ही शिक्षकाची सोय आहे, मुलाच्या विचाराची पायरी नव्हे, एवढें तरी कबूल करावें. परीक्षेच्या दालनांत देखरेख करीत असतां, प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून ओठ हलविणाऱ्या एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास आम्हीं दोनदां दटाविलें होतें. कठीण प्रसंगीं भूमिगत नदी पुन्हा पृष्ठावर येते, हें विगोत्स्कीच्या सिद्धांतांतच अनुस्यूत आहे; तें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या विद्यार्थ्यानें पुढें काय लिहिलें, हें आम्हीं पाहिलें नाहीं.

राहतां राहिला पियाजेचा जबाब. विगोत्स्कीची टीका रशियन भाषेंत असल्यामुळें ती त्याच्यापर्यंत पोंचलीच नव्हती. १९६२ सालीं इंग्रजी भाषांतर निघालें तेव्हां त्यानें एक लहानशी पुस्तिका लिहून उत्तर दिलें. टीकाकार जाऊन अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं. आत्मकेंद्रित बोलण्यांतून अंतर्भाषण निघतें, हें पियाजेनें त्यांत मोकळ्या मनानें मान्य केलें आहे. मात्र मुलास निरनिराळ्या दृष्टींचा मेळ घालतां येत नाहीं, हा आपला मूळ मुद्दा विगोत्स्कीच्या हातून निसटला, असें त्याचें म्हणणें आहे. आमच्या मतें मुद्दा निसटला नाहीं, त्याचें नांव चुकलें होतें. ज्यांस हा वाद मुळांतून वाचावयाचा असेल, त्यांनीं त्या १९६२ च्या भाषांतरावर विसंबूं नये. त्यांत मूळ ग्रंथाचा पुष्कळ भाग गाळलेला आहे, आणि वादविवादाचा भाग तर विशेषच छाटला आहे. १९८७ सालीं निघालेलें पूर्ण भाषांतर जाड व वाचावयास जड आहे. परंतु मोडलेल्या ट्रामगाडीपासून टॉल्स्टॉयच्या खडूपर्यंतची सबंध वाट त्यांतच सांपडते.